मांजराला नखं घासायला सोफ्यापेक्षा सरस काय द्यायचं?

सोफ्याच्या हाताचा पुढचा, बाहेरचा कोपरा. मांजर असलेल्या घरात धागे बहुतेक वेळा तिथूनच निघायला लागतात. सोफा जड असतो, कितीही ओढला तरी हलत नाही. त्याच्या कापडात नख छान अडकतं. मागच्या पायांवर उभं राहून अंग ताणावं एवढी त्याची उंची असते, आणि तो घरातल्या सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असतो. मांजराला जे जे लागतं ते सगळं त्या एका कोपऱ्यात जमून आलेलं असतं. मग दुकानातून दीड फुटाचा, मऊ फर लावलेला, हात लावला की डुगडुगणारा खांब आणून गॅलरीत ठेवला तर मांजर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बदली वस्तू या चारही बाबतींत सोफ्याला भारी पडली पाहिजे. ती घरी बनवणं अवघड नाही. एक रविवार पुरतो.

नखं घासणं बंद करता येत नाही, तो नाद सोडा. मांजराचं नख थरांनी वाढतं आणि घासल्यावर बाहेरचा जुना थर टरफलासारखा सुटून येतो. सोफ्याखाली झाडू मारताना चंद्रकोरीच्या आकाराची, आतून पोकळ, पिवळट पांढरी टरफलं सापडतात ती हीच. मांजराचं नख तुटलं म्हणून घाबरायचं कारण नाही. शिवाय पंजांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे प्रत्येक ओरखड्याबरोबर ‘ही जागा माझी’ असा शेराही पडतो. झोपून उठल्यावरचं आळोखेपिळोखे देणंही त्यातच उरकतं. दुपारची झोप झाली की पहिलं काम हेच, आणि तुम्ही बाहेरून घरी आलात की दुसरं.

आधी ओरखडे नीट बघा

खांब करायला घेण्याआधी दोन दिवस नुसतं बघा. सोफा, दाराची चौकट, पलंगाची कड अशी उभी जागा फाटत असेल तर उभा खांब लागेल. पायपुसणं, सतरंजी, गादीचा वरचा भाग फाटत असेल तर त्या मांजराला आडवं आवडतं. त्याला खांब दिलात तर फुकट जाईल, पुढे सांगितलेली पुठ्ठ्याची पाटी द्या. काही मांजरं दोन्हीकडे हात मारतात.

उभे ओरखडे असतील तर सगळ्यात वरचा ओरखडा जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. पूर्ण वाढलेल्या मांजराच्या बाबतीत हे माप साधारण ७० ते ८० सेंमी भरतं. खांब त्याहून थोडा उंचच हवा, म्हणून ८५ सेंमी धरा. बोका अंगाने मोठा असेल तर ९५. पिल्लू असलं तरी छोटा खांब करू नका, सहा महिन्यांत तो अपुरा पडतो. कोणत्या कापडाला नख लागलंय तेही बघा. जाड, सैल विणीचं, तागासारखं कापड मांजराला सगळ्यात प्रिय. घट्ट विणीच्या मखमलीत नख अडकत नाही, त्यामुळे ती बरीच वाचते. नवा सोफा घ्यायचा झाला तर हे लक्षात ठेवा.

दोर कोणता

किराणा दुकानातली पुडी बांधायची सुतळी चालत नाही. ती दोन-तीन मिमी जाड असते, आठवड्याभरात तिचे झुपके निघतात. दोर ६ ते १० मिमी जाड हवा, ८ मिमी सगळ्यात बरा. घायपाताचा दोर मिळाला तर तोच घ्या. त्याचे तंतू लांब, चिवट असतात आणि नखाखाली तुटताना जो करकर आवाज येतो तो मांजरांना भारी आवडतो. दोर-काथ्याच्या दुकानात ‘सिसल’ म्हणून मागा. तो नाही मिळाला तर तागाचा पीळदार दोर. मऊ असतो, लवकर झिजतो, पण स्वस्त पडतो. काथ्याचा सुंभ टिकायला जबरदस्त, पण टोचतो आणि त्याचा भुसा घरभर पडतो. काही मांजरं त्याच्यावर तुटून पडतात, काही पंजा लावून मागे होतात. आधी हातभर तुकडा टेबलाच्या पायाला गुंडाळून बघा. नायलॉनचा दोर अजिबात नको. नख त्यावरून घसरतं.

तागाच्या नव्या दोराला रॉकेलसारखा उग्र वास येतो. ताग मऊ करायला कारखान्यात खनिज तेल लावतात, त्याचा तो वास. घायपाताच्या दोरालाही कधी कधी येतो. दोर सोडून दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका. वास असताना गुंडाळलात तर सगळं काम नीट होऊनही मांजर खांबाजवळ फिरकत नाही, आणि मग लोक म्हणतात, ‘आमच्या मनीला असलं काही आवडतच नाही.’

दोर किती आणायचा त्याचा हिशेब सोपा आहे. खांबाभोवतीचा एक वेढा किती सेंमीचा ते मोजा. जेवढी उंची गुंडाळायची ती दोराच्या जाडीने भागली की वेढ्यांची संख्या निघते. दोन्हींचा गुणाकार करा आणि वर दहा टक्के धरा. ३ बाय ३ इंचाच्या लाकडाला ८ मिमी दोराचा एक वेढा जवळपास ३३ सेंमीचा होतो. ८० सेंमी उंचीत १०० वेढे बसतात. म्हणजे ३३ मीटर, आणि वरचे धरून ३६. चार इंची पाइपला, म्हणजे बाहेरून ११० मिमी असलेल्या, एक वेढा ३७ सेंमीचा, तेव्हा ४१ मीटर आणा. दोर कमी पडला की जोड द्यावा लागतो आणि मांजर नेमका तो जोडच उसकटतं.

खांब बांधायची कृती

लागणारं सामान:

- ३ बाय ३ इंचाचा लाकडी खांब, ८५ सेंमी (सुताराकडे चौकटीचे उरलेले तुकडे मिळतात)
- १८ किंवा १९ मिमी प्लायवूड, ४५ बाय ४५ सेंमी, एक तुकडा (हा खालचा पाट)
- लाकडात मारायचे ३ इंची स्क्रू ४, दोन इंची एल पट्ट्या ४ आणि त्यांचे छोटे स्क्रू
- ८ मिमी दोर, ३६ मीटर
- पांढरा फेव्हिकॉल, पाव किलो
- पॉलिश पेपर, हातोडी, एक लाकडी ठोकळा, अर्धा इंची यू खिळे

खांबाच्या चारही कडा रंध्याने किंवा पॉलिश पेपरने चांगल्या गोल करा. हे बरेच जण टाळतात. धारदार कडेवर दोर ताणला की तंतू तिथेच कापले जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत चारही कोपऱ्यांवर दोर तुटतो. लाकूड जुनं असेल तर त्याला वाळवीचं औषध मारलेलं नाही ना, याची खात्री करा. मांजर पंजे चाटतं, त्यामुळे औषध थेट पोटात जातं.

प्लायच्या मध्यावर खांबाचा ठसा आखा. त्यात ३ मिमी ड्रिलने चार भोकं पाडा आणि खालच्या बाजूने ती थोडी रुंद करा, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बुडेल. डोकं वर राहिलं तर पाट हलतो आणि फरशीवर चरे उमटतात. खांबाच्या बुडाला फेव्हिकॉल लावून खालून स्क्रू आवळा. लाकडाच्या टोकात, रेषांच्या दिशेने, स्क्रूची पकड तशी कमजोर असते. म्हणून वरून चार बाजूंना चार एल पट्ट्या हव्यातच. त्या नसल्या तर महिन्याभराने खांब कुरकुरायला लागतो. कुरकुरणाऱ्या खांबावर मांजराचा भरवसा राहत नाही, एकदा का तो अंगावर आला की ते पुन्हा त्याच्याजवळ जात नाही.

आता कसोटी. खांबाच्या टोकाला दोन्ही हातांची बोटं अडकवून तो जोरात खाली आणि स्वतःकडे ओढा. पाटाची मागची कड उचलली गेली तर वजन कमी आहे. नुसता प्लायचा पाट जेमतेम अडीच किलोचा असतो आणि चार-पाच किलोचं मांजर धावत येऊन लटकतं. ओट्याच्या कामातला उरलेला कडप्पा बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो ४५ सेंमी चौरस आणि दोन सेंमी जाड असला की एकटाच दहा-अकरा किलो भरतो. प्लायखाली सिलिकॉनने चिकटवून टाका. कडप्प्याच्या कडा घासून घ्या आणि खाली रबराचे चार तुकडे लावा, म्हणजे सरकणार नाही.

लाकूड नाही मिळालं तर सांडपाण्याचा चार इंची पीव्हीसी पाइप घ्या. त्याच्या आतल्या मापाच्या प्लायच्या दोन चकत्या एकावर एक पाटाला स्क्रूने बसवा, पाइप त्यांच्यावर घाला आणि बाजूने सहा स्क्रू मारा. मग सुकी वाळू भरा, पण फक्त खालच्या ३० सेंमीपर्यंत. तेवढ्याने चार किलो वजन वाढतं आणि तेही तळाशी. पूर्ण पाइप भरायची गरज नाही, वजन तळाशीच राहू द्या. वरचं तोंड झाकणाने बंद करा. पीव्हीसीवर पांढरा फेव्हिकॉल पकडत नाही, म्हणून आधी पाइपभोवती गोणपाटाचा एक थर दोन तोंडं शिवून घट्ट बसवा आणि दोर त्यावर चिकटवा. रबरी सोल्युशनने थेट चिकटतं खरं, पण त्याचा वास जायला आठवडा लागतो.

गुंडाळायला खालून सुरुवात करा. एल पट्ट्यांच्या वर, पाटापासून पाच सेंमी सोडून. दोराचं टोक दहा सेंमी उभं, खांबाला लागून वर धरा, मुळाशी एक यू खिळा ठोका आणि पहिले वेढे त्या टोकावरूनच घ्या. टोक आत दाबलं जातं, पुढे सुटत नाही. फेव्हिकॉल एका वेळी हाताच्या पंजाएवढ्याच पट्ट्यावर लावा. सगळीकडे एकदम थापलात तर वर पोचेपर्यंत वाळतो. दर आठ-दहा वेढ्यांनी लाकडी ठोकळा वरून टेकवून हातोडीने वेढे खाली ठोका. दोन वेढ्यांमधून लाकूड दिसता कामा नये. फट राहिली की नख त्यात शिरतं आणि वेढा उचकटून काढतं. गुंडाळताना दोराचा पीळ उलगडतोय असं वाटलं तर अधूनमधून तो परत भरा, नाहीतर दोर चपटा पडतो.

वरच्या टोकापाशी दहा मिमीचं आडवं भोक पाडून दोराचं शेपूट फेव्हिकॉल लावून त्यात आत ठोसा. शेवटचा खिळा वेढ्याखाली लपेल असाच मारा. बोटं फिरवून बघा, कुठेही टोक लागता कामा नये. चोवीस तास वाळू द्या, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस.

पुठ्ठ्याची पाटी

आडवं ओरबाडणाऱ्या मांजराला ही द्या. घरपोच सामानाचे खोके साठतातच. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पाच सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापा. पट्टी उभी ठेवल्यावर वरून लहरींची भोकं दिसली पाहिजेत, म्हणून लहरींना काटकोनात कापा. चुकीच्या दिशेने कापलेल्या पट्टीत नख शिरत नाही, नुसतं घसरतं. अशा पट्ट्या एखाद्या मोठ्या खोक्याच्या झाकणात दाटीवाटीने, शेवटची पट्टी ठोकूनच आत जाईल अशा बसवा. सहा मिमी जाड पाच थरी पुठ्ठा असेल तर २५ सेंमी रुंदीला चाळीसेक पट्ट्या लागतात. लांबी निदान ४५ सेंमी ठेवा. मांजराचं सगळं अंग पाटीवर मावलं तर त्याच्या स्वतःच्या वजनानेच ती जागेवर राहते.

पट्ट्या चिकटवायला कणकेची खळ वापरू नका, कसर आणि झुरळं हमखास येतात. पातळ केलेला फेव्हिकॉल ठीक. एक बाजू झिजली की पाटी उलटी करा. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन लगदा होतो. त्या चार महिन्यांसाठी मागे रबर असलेलं काथ्याचं पायपुसणं प्लायच्या तुकड्यावर ठोकून ठेवा.

गावाकडे, अंगण असलेल्या घरात, एवढा खटाटोप कशाला? आंबा, फणस, बाभूळ, कडुनिंब यांपैकी कशाचंही सालीसकट ओंडकं पंधरा दिवस उन्हात वाळवून ओटीवर भिंतीला टेकवून बांधा. घुण किंवा मुंग्या नाहीत ना ते बघा, आंब्याचा चीक पूर्ण वाळू द्या. कण्हेर, रुई आणि शेर मात्र वापरायचे नाहीत, तिन्ही विषारी आहेत.

ठेवायचा कुठे

खांब नेमका फाटलेल्या कोपऱ्याला खेटून ठेवा. दिवाणखान्याची शोभा जाते, मान्य. पण सुरुवातीचे दोन आठवडे दुसरा इलाज नाही. मांजर खांब रोज वापरायला लागलं की मगच तो हलवायचा आणि तोही दिवसाला चार बोटं. एकदम दुसऱ्या खोलीत नेलात तर मांजर सोफ्याकडे परत येतं, कारण शेरा मारायची जागा तिथेच राहिलेली असते. दुसरा खांब किंवा पाटी मांजर झोपतं त्या जागेपासून दोन पावलांवर ठेवा. दोन मांजरं असतील तर दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी.

मांजराचे पंजे धरून खांबावर घासू नका. बळजबरीने ते खांबालाच घाबरतं. खांबाच्या वरच्या भागात एक पीस किंवा काडी खेळवा, मांजर ती पकडायला उभं राहतं, नख दोरात अडकतं आणि बाकीचं त्याचं ते समजतं. त्याच क्षणी सुकटीचा एखादा तुकडा द्या. कॅटनिप, म्हणजे पुदिन्याच्या कुळातल्या एका झाडाचा वाळलेला पाला, चिमूटभर दोरावर चोळला तरी चालतो. पण साधारण तीनातल्या एका मांजरावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि पिल्लांवर तर नाहीच. आपल्याकडच्या खोकली या रानटी झाडाच्या मुळालाही मांजरं अशीच भुलतात, पण ते झाड विषारी आहे, घरात आणू नका.

तोवर सोफ्याचं काय

खांबाची सवय लागेपर्यंत सोफ्याचा तो कोपरा नखांना बेचव करायचा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चार-पाच उभ्या पट्ट्यांत लावा, किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक टाचण्यांनी बसवा. जाडसर चादर घट्ट खोचली तरी भागतं, सैल सोडली तर मात्र ती ओढायचा खेळ सुरू होतो. निघालेले धागे कापू नका. क्रोशाच्या सुईने आत ओढून घ्या. बाहेर लोंबणारा धागा म्हणजे पुन्हा निमंत्रणच.

काय फवारायचं, हा प्रश्न सारखा येतो. डांबरगोळ्या, कापूर, निलगिरी तेल, टी ट्री तेल यांतलं काहीही नको. हे सगळं मांजराला घातक आहे, वास पळवून लावतो म्हणून बाधा व्हायची थांबत नाही. तिखटाची पूड पंजावरून डोळ्यांत जाते. पाण्याचा फवारा मारलात तर मांजर एवढंच शिकतं की तुम्ही घरात असताना सोफ्याला हात लावायचा नाही.

नखांची टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापली तर नुकसान बरंच कमी होतं. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी एकूण अठरा नखं. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. उजेडासमोर धरा, आत गुलाबी शीर दिसते. तिच्या दोन मिमी अलीकडे, फक्त पारदर्शक टोक कापायचं. शीर कापली गेलीच तर कॉर्नफ्लोअर दोन मिनिटं दाबून धरा. अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, म्हाताऱ्या मांजरांत गोल वळून गादीत रुततं. एका बैठकीत चार नखं झाली तरी पुष्कळ. नखं कायमची काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल कुणी सुचवलं तर त्यात बोटाचं शेवटचं पेरच छाटतात, एवढं माहीत असू द्या.

खिडकीची नायलॉनची मच्छरजाळी मांजर चढून फाडत असेल तर ती बदलून स्टेनलेस स्टीलची लावा आणि चौकट स्क्रूने बसवा. वरच्या मजल्यावर हा प्रश्न जाळीपेक्षा मांजराच्या जिवाचा जास्त आहे. वायरी चावत असेल तर त्या केसिंग पट्टीत बंद करा.

आणि खांबावर आठवड्यातून एकदा नजर टाका. सुटलेला लांब धागा मांजर गिळतं, आणि पोटात गेलेला धागा आतड्यांना चुण्या पाडतो. बोटापेक्षा लांब लोंबणारं सगळं कात्रीने कापा. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच मांजराला पशुवैद्याकडे न्या.

दोर मधोमध विरायला लागला, लाकूड दिसायला लागलं, की लोक नवा खांब आणतात आणि जुना फेकून देतात. तसं करू नका, मांजराचा सगळा वास त्या जुन्या दोरात असतो. विरलेला पट्टा तेवढा कापून काढा, दोन्ही कापलेली टोकं यू खिळ्यांनी दाबा आणि मधे नवा दोर भरा. विरतो तो भाग जमिनीपासून ४० ते ७० सेंमीचा. त्याला साधारण बारा-तेरा मीटर दोर लागतो, तेव्हा पहिल्या खेपेलाच तेवढा जास्तीचा आणून ठेवा.